परदेशात राहून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तयारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू इंग्लंडमध्ये काढला, डाव्याचा आठ महिन्यांनी पुण्यात. मी डॉक्टर नाही. १९८४ पासून बर्मिंगहॅमजवळ राहणारी, आता निवृत्त झालेली बाई आहे. पण दोन्हीकडचा अनुभव गाठीशी असल्यामुळे ओळखीच्या मराठी घरांतून फोन येत राहिले, आणि प्रश्न बहुतेक तेच असायचे. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिते आहे. व्यवस्थेची माहिती मुख्यतः ब्रिटनची आहे. तुमच्या डोळ्याबद्दलचा अखेरचा शब्द अर्थातच तुमच्या सर्जनचा.

मोतीबिंदू पूर्ण पिकेपर्यंत थांबायचं का?

नाही. हा सल्ला आपल्या आज्यांच्या काळी बरोबर होता. तेव्हा डोळ्याला मोठा छेद देऊन अख्खं भिंग बाहेर काढत, टाके घालत आणि मग जन्मभर जाड काचांचा चष्मा लावावा लागे. एवढं सगळं करायचं, तर निदान नजर अगदी गेल्यावर करा, असा तो हिशोब होता. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांनी दंतवैद्याकडचं दात साफ करायचं यंत्र पाहून कल्पना लढवली आणि गढूळ भिंग ध्वनिलहरींनी फोडून बारीक छेदातून ओढून घ्यायची पद्धत काढली. आज आपण जिला ‘फेको’ म्हणतो ती हीच. छेद दोन-तीन मिलिमीटरचा, त्यातूनच भिंगाच्या जागी कृत्रिम लेन्स बसवतात, बहुतेक वेळा टाका नाही. या पद्धतीत फार पिकलेला, कडक झालेला मोतीबिंदू उलट जास्त त्रास देतो, कारण तो फोडायला जास्त ऊर्जा लागते.

मग वेळ कधी झाली म्हणायची? रोजच्या कामात अडायला लागलं की. मला रात्री मोटरवेवर समोरच्या गाड्यांचे दिवे फुटून पसरल्यासारखे दिसायला लागले आणि पावसात रस्त्यावरचे पट्टेच दिसेनात, तेव्हा मी ठरवलं. डोळे तपासायच्या तक्त्यावरच्या ओळी मात्र मी बऱ्यापैकी वाचत होते. इंग्लंडमध्ये कुठला उपचार कधी द्यावा हे सांगणाऱ्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की केवळ तक्त्यावर नजर किती भरते एवढ्यावरून शस्त्रक्रिया नाकारू नये. म्हणून तपासणीच्या वेळी काय काय अडतं ते नीट सांगा. आपल्या लोकांना ‘तसं ठीक आहे हो’ म्हणायची सवय असते. तिथे ती सोडा.

थेंबांनी, मधाने, गुलाबपाण्याने तो विरघळत नाही का?

नाही. भिंगातली प्रथिनं गढूळ झाली की कुठल्याही थेंबाने ती पुन्हा स्वच्छ होत नाहीत. मध, एरंडेल, घरचा त्रिफळ्याचा काढा, यातलं काहीही डोळ्यात घालू नका. शस्त्रक्रियेच्या आधी तर मुळीच नाही, कारण डोळ्याला जंतुसंसर्ग असेल तर तारीख पुढे जाते.

इथे करावी की भारतात जाऊन?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि लोक तो खर्चाच्या बाजूने विचारतात. मी उलट प्रश्न करते: शस्त्रक्रियेनंतरचे पाच-सहा आठवडे तुम्ही कुठे असणार आणि तुमच्याजवळ कोण असणार? टेबलावरची वेळ पंधरा-वीस मिनिटांची. तिच्यासाठी दोन्हीकडे उत्तम हात आहेत. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ पासून हे काम ज्या प्रमाणावर करतं आहे त्याचा जगभर अभ्यास होतो, आणि आपल्याकडे मुंबई-पुण्यातही चांगल्या डोळ्यांच्या रुग्णालयांना तोटा नाही. पण त्याच सर्जनने दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने डोळा पाहणं, आणि मधे काही बिघडलं तर तासाभरात तिथे पोचता येणं, हा शस्त्रक्रियेचाच भाग आहे.

पुण्यात माझ्या बाजूने दादा आणि वहिनी होते. वहिनीने महिनाभर घड्याळ लावून थेंब घातले. इथे उजव्या डोळ्याच्या वेळी आम्ही दोघंच, आणि यांचा हात थरथरतो. तरी इथे रुग्णालय वीस मिनिटांवर होतं आणि रात्री-बेरात्री फोन करायला नंबर होता. दोन्ही निभावलं. निभावत नाही ते हे: तीन आठवड्यांची सुट्टी, त्यात लग्न, कुलदैवत, खरेदी, आणि मधल्या कुठल्यातरी मंगळवारी ‘डोळ्याचं पण उरकून घेऊ’. मी स्वतः चार आठवड्यांचं तिकीट काढून गेले होते आणि साडेसहा आठवडे राहावं लागलं. का, ते पुढे मोजमापाच्या आणि कागदांच्या प्रश्नांत सांगते.

भारतात करायचं ठरवलंत तर दोन गोष्टी आधी पाहा. भारतातली आरोग्य विमा पॉलिसी नवी असेल तर मोतीबिंदूसाठी साधारणपणे दोन वर्षांची प्रतीक्षा असते आणि रकमेवर मर्यादाही असते. आणि इथला प्रवास विमा ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेला सहसा लागू होत नाही. तिच्यातून उद्भवलेली गुंतागुंतही बऱ्याचदा तो वगळतो. पॉलिसीचं ते पान काढून वाचा.

ब्रिटनमध्ये सुरुवात कुठून करायची?

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टपासून. इंग्लंडमध्ये साठीनंतर आणि मधुमेहींना ही तपासणी एनएचएसतर्फे, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेतर्फे, मोफत आहे, स्कॉटलंडमध्ये सगळ्याच रहिवाशांना. मोतीबिंदू दिसला तर तेच पुढे चिठ्ठी पाठवतात. इंग्लंडमध्ये कुठल्या रुग्णालयात जायचं ते निवडायचा हक्क तुम्हाला आहे, आणि एनएचएसच्या खर्चाने मोतीबिंदू करणारी खासगी केंद्रंही त्या यादीत असतात. नियमाने चिठ्ठीपासून उपचारापर्यंत अठरा आठवडे, पण प्रत्यक्षात गावागावात फरक पडतो. म्हणून निवडताना ‘तुमच्याकडे सध्या किती थांबावं लागतं’ आणि ‘दुसऱ्या डोळ्याला किती’ हे दोन्ही विचारा. दुसरा प्रश्न विचारायचा मी विसरले होते.

आईबाबा व्हिजिटर व्हिसावर आले आहेत. त्यांचं इथे होईल का?

होईल, पण फुकट नाही. सहा महिन्यांच्या आतल्या पाहुण्याला अशा तातडीच्या नसलेल्या उपचारासाठी एनएचएस रुग्णालय मूळ दराच्या दीडपट आकारतं, तेही बहुधा आगाऊ. माझं स्पष्ट मत आहे की त्यांचं तिकडेच करावं, आणि तुम्ही रजा घेऊन त्यांच्याजवळ जावं. लांब मुदतीच्या व्हिसावर इथे राहणाऱ्यांनी आरोग्य अधिभार भरलेला असतो (२०२४ च्या फेब्रुवारीपासून तो मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड झाला). त्यांना हा उपचार इतर रहिवाशांसारखाच मिळतो.

आणि अमेरिकेत मुलांकडे असलेल्या आईवडिलांचं?

तिथला कारभार वेगळा. ग्रीन कार्ड असलेल्या पासष्टीच्या पुढच्या माणसाला सलग पाच वर्षं राहिल्यावर हप्ते भरून मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, घेता येतं. मेडिकेअरचा ‘पार्ट बी’ साध्या लेन्सची शस्त्रक्रिया धरतो, त्यातला ठरावीक वाटा आपल्याला भरावा लागतो, आणि शस्त्रक्रियेनंतर चष्म्याच्या एका जोडीलाही तो मदत करतो. महागड्या लेन्सचा वरचा खर्च खिशातून. पाहुण्यांसाठी घेतलेला व्हिजिटर विमा आधीपासून असलेल्या दुखण्याला सहसा धरत नाही, आणि मोतीबिंदू हे आधीपासून असलेलंच दुखणं.

मोजमापाचं एवढं काय महत्त्व आहे?

फार आहे. डोळ्याची लांबी आणि बुबुळाची गोलाई मोजून नव्या लेन्सचा नंबर काढतात. लांबीत एक मिलिमीटर चूक झाली तर चष्म्याच्या नंबरात अडीच-तीनचा फरक पडतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांचं बुबुळ लेन्सखाली किंचित बदललेलं असतं. म्हणून मोजमापाच्या आधी मऊ लेन्स साधारण एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून जास्त दिवस बंद ठेवायला सांगतात.

मला हे माहीत होतं. उजव्या डोळ्याच्या वेळी मी पाळलंही होतं. पण माझ्या दोन्ही डोळ्यांना उणे सातचा नंबर होता. उजवा झाल्यावर तो जवळपास शून्यावर आला आणि डावा सातावर राहिला, त्यामुळे डाव्यात कॉन्टॅक्ट लेन्स घातल्याशिवाय मला जिना उतरता येईना. मी ती लेन्स पुण्यात पोचेपर्यंत घातली. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत ती काढायला लावली आणि आठ दिवसांनी या म्हणून सांगितलं. ते आठ दिवस मी घरात भिंतीला हात लावून काढले आणि पुतणीच्या हळदीला एका खुर्चीवर बसून राहिले. लेन्स आधीच बंद करून, इथून निघण्यापूर्वीच त्या अडचणीची सोय लावली असती तर दिवस वाचले असते.

पूर्वी कधी लेझरने नंबर घालवला असेल तर ते जरूर सांगा, आणि त्या आधीचे कागद असतील तर घेऊन जा. त्या डोळ्यांचं गणित वेगळ्या सूत्रांनी करावं लागतं.

कोणती लेन्स घ्यावी?

आधी एक गोष्ट सांगते, कारण ती इथलीच आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या छताचे प्लॅस्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, आणि लंडनच्या हॅरल्ड रिडली यांच्या लक्षात आलं की डोळा ते निमूट सहन करतो. त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस रुग्णालयात एका रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. तिथून ही परंपरा सुरू झाली.

आज साधी लेन्स एका अंतरावर स्पष्ट दाखवते. टोरिक लेन्स बुबुळाच्या वाकडेपणाचा, म्हणजे सिलिंडर नंबराचा, हिशोब धरते. मल्टिफोकल लेन्स लांबचं आणि जवळचं दोन्ही दाखवते, पण रात्री दिव्यांभोवती कडी दिसणं आणि रंगछटांतला फरक थोडा कमी कळणं ही तिची किंमत आहे. रात्री गाडी चालवणाऱ्याने आणि डोळ्याच्या मागच्या पडद्याचा (रेटिनाचा) आजार असलेल्याने तिचा विचार फार सांभाळून करावा. एनएचएस साधारणपणे साधी लेन्स देते. ती हलकी किंवा गरिबांची लेन्स आहे असं कृपया समजू नका.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न लांबचं की जवळचं हा आहे, आणि तो कोणी नीट विचारत नाही. आपण उणे नंबरवाले जन्मभर चष्मा काढून जवळचं बघत आलो. सुईत दोरा ओवणं, तांदूळ निवडणं, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचणं. उजव्या डोळ्याला मी ‘लांबचं द्या’ म्हणून सही केली, आणि घरी आल्यावर पहिल्यांदा कळलं की नाकासमोर धरलेलं आता दिसत नाही. लांबचं सुरेख दिसत होतं, तरी मी दोन दिवस रडकुंडीला आले होते. डाव्याच्या वेळी पुण्याच्या डॉक्टरांशी अर्धा तास बोलले आणि तो डोळा उणे दीडच्या आसपास, थोडा जवळचा ठेवायचा ठरवला. आता फोन आणि स्वयंपाकघर चष्म्याविना जमतं, पुस्तकाला चष्मा लागतो. तुमच्या दिवसातली कामं कागदावर लिहून न्या, कुठल्या कामाला चष्मा चालेल आणि कुठल्या नाही ते ठरवूनच सही करा.

दोन डोळ्यांत किती अंतर ठेवावं?

नंबर लहान असेल तर फार बिघडत नाही. मोठा असेल तर माझ्यासारखे हाल होतात, कारण सातचा फरक चष्म्याने भरून काढता येत नाही, दोन डोळ्यांना दोन आकार दिसतात. अशांनी पहिल्या तारखेआधीच दुसऱ्याची तारीख मागावी. काही ठिकाणी दोन्ही डोळे एकाच दिवशी करतात. ते तुमच्यासाठी योग्य आहे का, ते सर्जनच सांगू शकेल.

कोणती औषधं आधी सांगायची?

सगळी. पण एकीचं नाव मुद्दाम लिहिते: प्रोस्टेटसाठी पुरुष घेतात ती टॅमसुलोसिन. तिच्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुलीचा पडदा ढिला पडून हलतो. २००५ मध्ये हे पहिल्यांदा नीट नोंदवलं गेलं. कधीकाळी घेऊन बंद केली असेल तरी सांगा, कारण परिणाम मागे राहतो. सर्जनला माहीत असेल तर तो तयारीने उतरतो. घरातल्या बायकांनी नवऱ्याच्या वतीने हे विचारून घ्यावं, पुरुष संकोचाने बोलत नाहीत.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. थेंबांची भूल देऊन होणाऱ्या शस्त्रक्रियेत त्या बहुधा चालूच ठेवतात. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणा आणि पडद्याची तपासणी आधी करून घ्या, नाहीतर मोतीबिंदू निघूनही नजर का आली नाही हा प्रश्न नंतर पडतो. भारतात याखेरीज रक्तदाब, ईसीजी, फिजिशियनची चिठ्ठी मागतात आणि अश्रुनलिका मोकळी आहे का ते पाहतात. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी सोडतात, ते घशात खारट लागतं. घाबरू नका, लागायलाच हवं.

कोणते कागद जवळ ठेवायचे?

दोन देशांत डोळे दाखवणाऱ्याने आपली फाइल आपणच सांभाळायची. मोजमापाची प्रत, बसवलेल्या लेन्सचं नाव आणि नंबर असलेलं कार्ड किंवा चिकटपट्टी, शस्त्रक्रियेची नोंद, थेंबांचं वेळापत्रक. माझ्या उजव्या डोळ्याच्या पत्रात फक्त ‘लेन्स बसवली’ एवढंच होतं. पुण्यात नंबर विचारला तेव्हा मला सांगता आला नाही. इथल्या रुग्णालयाला ईमेल केल्यावर दहा दिवसांनी उत्तर आलं, आणि मोजमाप झाल्यावरही गणित त्यासाठी थांबलं, कारण पहिल्या डोळ्याचा निकाल कसा आला त्यावरून दुसऱ्याचं गणित सुधारता येतं. ब्रिटनमध्ये स्वतःच्या नोंदी मोफत मागायचा हक्क आहे आणि साधारण महिन्याभरात त्या द्याव्या लागतात. तेवढा वेळ हाताशी ठेवून मागा. सगळ्याचे फोटो काढून मुलांनाही पाठवून ठेवा.

आईला इंग्रजी येत नाही. टेबलावर कसं होणार?

एनएचएसमध्ये दुभाषा मोफत मिळतो. तारीख ठरतानाच ‘मराठी’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर भारतीय म्हणून हिंदी किंवा गुजराती दुभाषा येऊ शकतो. संमतीपत्र तरी दुभाष्याकडूनच समजून घेऊ द्या. घरचा माणूस भीती वाटेल ते गाळून सांगतो.

शिवाय आदल्या आठवड्यात घरी सराव करून घ्या. माझ्या मैत्रिणीच्या सासूबाईंना आम्ही तीन वाक्यं पाठ करून घेतली होती: ‘लुक ॲट द लाइट’ म्हणजे दिव्याकडे बघा, ‘कीप स्टिल’ म्हणजे हलू नका, आणि दुखलं तर आपण म्हणायचं ‘पेन’. तोंडावरून पातळ चादर घेऊन वीस मिनिटं उताणं पडायचाही सराव केला. चादरीखाली जीव घाबरतो, हे आधी कळलेलं बरं. खोकला येणार असेल तर आधी सांगायचं, हात वर करायचा नाही. एखादी नर्स हात धरून बसते का, तेही विचारा. बऱ्याच ठिकाणी बसतात.

दुखतं का?

मला नाही दुखलं. थेंबांनी डोळा बधिर करतात, कधी बाजूने भुलीचं औषध देतात. दाब जाणवतो, पाणी ओतल्यासारखं वाटतं, आणि समोर रंगीत उजेड हलताना दिसतो. खाऊन जायचं की उपाशी, हे रुग्णालयागणिक बदलतं, तेव्हा त्यांचं पत्र पाळा.

किती दिवसांनी विमानात बसता येतं?

विमानातल्या दाबाने या डोळ्याला काही होत नाही. पडद्याच्या काही शस्त्रक्रियांत डोळ्यात वायू भरतात, त्यांना मात्र विमान सक्त मना असतं, आणि लोक या दोहोंची गल्लत करतात. मोतीबिंदूनंतर खरी काळजी ही की गंभीर जंतुसंसर्ग झालाच तर बहुधा पहिल्या काही दिवसांत होतो, आणि तेव्हा तुम्ही आभाळात असता कामा नये. डॉक्टरांनी पाहून सोडल्याशिवाय तिकीट पक्कं करू नका, आणि बदलता येणारंच तिकीट घ्या. थेंब हातातल्या पिशवीत, सोबत चिठ्ठी.

घरी काय पाळायचं?

डोळा चोळायचा नाही, झोपताना सांगतील तितके दिवस कवच लावायचं, नळाचं पाणी डोळ्यात जाऊ द्यायचं नाही. न्हायचं असेल तर दुसऱ्याने मान मागे करून केस धुवावेत, सलूनमध्ये धुतात तसे. काजळ आणि डोळ्यांचा मेकअप डॉक्टर सांगेपर्यंत बंद. फोडणीच्या धुरापासून, उदबत्ती-धूपाच्या वाफेपासून लांब. पहिले काही दिवस वाकून लोटांगण नको, जड बादली नको. पोहणं साधारण महिनाभर नाही. दिवाळी किंवा होळीच्या तोंडावर भारतात तारीख घेऊ नका: एकीत फटाक्यांचा धूर, दुसरीत रंग. आंबट, भात, केळी, टीव्ही यांवर कसलीही बंदी नाही, कितीही काकवांनी सांगितलं तरी.

थेंब स्वतःला घालणं कठीण जातं. आडवं पडून, खालची पापणी ओढून, बाटलीचं टोक न टेकवता. घरी एकटे असाल तर थेंब घालायचं प्लॅस्टिकचं साधन औषधाच्या दुकानात मिळतं. दोन वेगळ्या थेंबांत पाच मिनिटं जाऊ द्या.

कशाला घाबरायचं?

वाढत जाणारं दुखणं, वाढत जाणारी लाली, आलेली नजर पुन्हा कमी होणं, चिकट स्राव. किंवा विजेसारखे चमकारे, अचानक काळे ठिपके, कडेने पडदा उतरल्यासारखं वाटणं. मोठ्या उणे नंबरवाल्यांनी या शेवटच्या तिघांबद्दल जास्त सावध राहावं, कारण पडदा सरकण्याचा धोका त्यांना अधिक असतो. यातलं काहीही झालं तर सकाळपर्यंत थांबू नका आणि व्हॉट्सॲपवर डोळ्याचा फोटो पाठवून सल्ला विचारत बसू नका. शस्त्रक्रिया कुठल्याही देशात झालेली असो, जवळच्या डोळ्यांच्या तातडीच्या विभागात जा. हे क्वचित घडतं, पण तासांवर नजर अवलंबून असते.

रंग वेगळे दिसतात, ते बरोबर आहे का?

बरोबर आहे. जुनं भिंग पिवळट झालेलं असतं. उजवा डोळा झाल्यावर मी एकेक डोळा झाकून पाहिलं, तर एकाने भिंत निळसर पांढरी आणि दुसऱ्याने चहा सांडल्यासारखी. कपाटातली साडी मी वर्षानुवर्षं मोतिया समजत होते, ती शुभ्र निघाली.

मोतीबिंदू पुन्हा येतो का?

येत नाही. ज्या पातळ पिशवीत नवी लेन्स बसवतात तिची मागची बाजू काही महिन्यांनी किंवा वर्षांनी धुरकट होऊ शकते. लेझरने काही मिनिटांत ती साफ करतात, कापाकापी नाही. भारतात शस्त्रक्रिया झाली असली तरी हे इथे होतं.

चष्मा आणि गाडी?

चष्म्याचा नंबर चार ते सहा आठवड्यांनी काढा, आधी काढलात तर बदलेल. ब्रिटनमध्ये गाडीसाठी २० मीटरवरून नंबर प्लेट वाचता आली पाहिजे, आणि तक्त्यावर दोन्ही डोळे मिळून किमान ६/१२ (निरोगी नजर १२ मीटरवरून वाचते ती ओळ ६ मीटरवरून). रुग्णालयाने हरकत नाही म्हटल्यावरच सुरू करा. मी आधी भर दुपारी, ओळखीच्या रस्त्याने दुकानापर्यंत गेले, हे शेजारी बसले होते. रात्रीचा मोटरवे त्यानंतर तीन आठवड्यांनी घेतला. पाऊस होता, आणि रस्त्यावरचे पट्टे दिसत होते.